सेकंड कंडिशनल लावू का थर्ड? 'विहीर असती तर'चं इंग्रजी

बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे आमच्या गावचे पोट्टे इंग्रजीच्या जर-तरच्या वाक्यांत, म्हणजे कंडिशनलमध्ये, नेहमी विचारतात, भाऊ इथं सेकंड लावू का थर्ड, अन् खरं सांगू का, घोळ त्यांचा नाहीच, आपल्या मराठीचा आहे. "वावरात विहीर असती तर संत्रा लावला असता." आता हा माणूस आजचं बोलून राहिला का पाच वर्षांआधीचं? कळतच नाही, आपलं 'असता' दोन्हीकडं चालते. इंग्रजीत आधी ठरवा, मग तोंड उघडा.

आजची गोष्ट असंल तर सेकंड. इफ आय हॅड अ वेल, आय वुड ग्रो ऑरेंजेस. हॅड दिसला की पोट्टे भूतकाळ समजतात, पण तो फक्त एवढंच सांगते की विहीर आज नाही. इफकडं भूतकाळाचं रूप, दुसरीकडं वुड अन् साधं क्रियापद, बस. 'मी असतो तर'ला 'इफ आय वॉज' बोलण्यात खपून जाते, पेपरात 'इफ आय वेअर'च लिहा.

थर्ड म्हणजे हातून गेलेली गोष्ट. जूनमध्ये पावसानं दडी मारली, सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली अन् आता जुलैत धुऱ्यावर बसून म्हणायचं, इफ इट हॅड रेन्ड इन जून, वी वुडन्ट हॅव सोन ट्वाइस. इफकडं हॅड अन् क्रियापदाचं तिसरं रूप, दुसरीकडं वुड हॅव अन् पुन्हा तिसरं रूप. विहिरीचं वाक्य थर्डमध्ये केलं तर 'इफ आय हॅड हॅड अ वेल' होते, वर्गात सगळे हसतात, पण बरोबर तेच आहे.

दोन्हीत चूक मात्र एकच. मराठीत 'असता' दोन्ही बाजूला येते म्हणून आपण वुडसुद्धा दोन्हीकडं घालतो, 'इफ इट वुड हॅव रेन्ड'. मीपण एका मुलाखतीत हेच ठोकलं होतं, समोरच्या मॅडम नुसत्या हसल्या.

वेळ कमी असंल तर सेकंड आधी पक्कं करा. मुलाखतीत 'तुम्ही सरपंच असता तर काय केलं असतं' टाइप प्रश्न येतात, तिथं तेच कामी येते. थर्ड मुख्यतः चूक शोधायच्या प्रश्नांत छळते. अडलं की मराठी वाक्यात 'आज' घालून पाहा, नाही बसला तर 'तेव्हा' घाला. अन् एका बाजूला 'तेव्हा' अन् दुसऱ्या बाजूला 'आज' बसला, म्हणजे मागच्या वर्षी विहीर खोदली असती तर आज पाणी असतं, तर अर्धं थर्ड, अर्धं सेकंड: इफ वी हॅड डग द वेल लास्ट इयर, वी वुड हॅव वॉटर नाऊ.