पुढची ब्रांच डोक्यात असेल तर: ठाणे–नवी मुंबईच्या मेडिकल कॉलेजांचा आढावा

एमबीबीएस प्रवेशाच्या चॉइस फिलिंगचे (कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचे) दिवस आले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मुलीला रेडिओलॉजी करायचीय, मग डी. वाय. पाटील बरं की तेरणा?" ही दोन्ही नेरुळची खासगी मेडिकल कॉलेजं. पण रेडिओलॉजी (एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्यांचं शास्त्र) ही एमबीबीएसनंतरची ब्रांच, आणि तिच्यासाठी हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. कॉलेजात एमडी रेडिओलॉजीच्या जागा भरपूर असल्या तरी त्या तिथल्या एमबीबीएसच्या मुलांसाठी राखलेल्या नसतात. अभिमत विद्यापीठांच्या (स्वतः पदवी देणाऱ्या संस्थांच्या; डी. वाय. पाटील त्यातलंच) पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर जागा एमसीसी या केंद्रीय प्रवेश समितीमार्फत देशभरासाठी खुल्या असतात. ब्रांच मिळते ती नीट पीजी या प्रवेश परीक्षेच्या रँकवर: 200 प्रश्न, बरोबरला 4 गुण, चुकीला वजा 1. एमबीबीएसला एक्स-रे, सीटी वाचायला शिकतात, पण रेडिओलॉजी करायला शिकत नाहीत. त्वचारोगाचंही तसंच. या दोन ब्रांच मनात असतील तर अभ्यासाला वेळ देणारं आणि खिशाला झेपणारं कॉलेज घ्यावं. विभागाची मशिनरी बघायची गरज नाही.

कार्डिओलॉजी आणि न्यूरोसर्जरी तर त्याहून लांब. त्यासाठी बहुतेकदा आधी एमडी किंवा एमएस, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा. बारावीनंतर कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) बघून कॉलेज निवडण्यात अर्थ नाही, तरी माहितीपत्रकात पहिला फोटो तिचाच असतो.

कॉलेजाने खरा फरक पडतो तो हाताने शिकायच्या ब्रांचमध्ये: सर्जरी, ऑर्थो, स्त्रीरोग-प्रसूती, भूल, इमर्जन्सी. इंटर्नशिपच्या (एमबीबीएसच्या शेवटच्या प्रशिक्षण वर्षाच्या) नियमांत सर्जरीला 6 आठवडे, प्रसूती विभागाला 7 आणि ऑर्थोला फक्त 2 आठवडे आहेत. इतक्या थोड्या दिवसांत हातात काय येतं, ते कॅज्युअल्टीच्या (अपघात विभागाच्या) दारातून कोण आत येतं यावर ठरतं.

त्या हिशेबाने कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज या पट्ट्यात सगळ्यात वजनदार. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. मुंब्रा, भिवंडी, शहापूर, मुरबाडचा रुग्ण इथे येतो, तोही बरेचदा आजार वाढल्यावर. टाके, प्लास्टर, नॉर्मल डिलिव्हरी यांची वानवा नाही. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: ऑगस्ट 2023 मध्ये इथे 24 तासांत 18 रुग्ण दगावल्याची बातमी राज्यभर गाजली. माणसं कमी आणि रुग्ण जास्त असले की इंटर्नला काम भरपूर पडतं, पण शिकवायला कुणाला सवड नसते. शिवाय पालिका कॉलेज असल्याने एमबीबीएसनंतरचं एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचं बंधपत्र हिशेबात धरावं. तरीही सर्जरीच्या ब्रांच मनात असतील आणि राज्य कोट्यातून नंबर लागत असेल, तर दुसरा विचार करू नये.

कामोठ्याचं एमजीएम सायन–पनवेल महामार्गाला लागून आहे, त्यामुळे ऑर्थो आणि इमर्जन्सीसाठी ते नजरेत ठेवण्यासारखं. पनवेल, उरणकडचे रुग्ण आणि जेएनपीटीच्या कंटेनर वाहतुकीतले अपघात याच पट्ट्यातले. अडचण शुल्काची. अभिमत असल्याने फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे जाते, म्हणजे साडेचार वर्षांत 90 लाखांच्या वर. नेरुळच्या डी. वाय. पाटीललाही हेच लागू. एवढं कर्ज डोक्यावर असलं की एमडीसाठी पुन्हा तशीच फी भरणं जमत नाही आणि सरकारी जागेची ब्रांच मिळेपर्यंत वर्ष घालवायचा धीरही राहत नाही. पसंतीची ब्रांच हुकते ती बहुतेक वेळा इथेच.

डी. वाय. पाटीलची एमबीबीएसची क्षमता 250. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) निकषाप्रमाणे 100 जागांना किमान 420 खाटा लागतात, 250 जागांना 900. म्हणजे जागा वाढल्या की दर जागेमागे खाटा 4.2 वरून 3.6 वर येतात. मोठ्या कॉलेजात म्हणूनच पोस्टिंगच्या (वॉर्डातल्या प्रशिक्षणाच्या) तुकडीत किती जण असतात ते विचारावं. एका खाटेभोवती 15 जण उभे असतील तर मागच्या रांगेतल्यांना पोट तपासायला मिळत नाही. सिम्युलेशन (पुतळ्यांवरचा सराव), ग्रंथालय आणि स्पेशालिटी सेवा मात्र डी. वाय. पाटीलमध्ये चांगल्या आहेत.

तेरणा, नेरुळ: खासगी पण अभिमत नाही. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमधून, फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, परीक्षा आरोग्य विद्यापीठाची. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नात 2024-25 पासून शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे, पण ती अभिमत विद्यापीठांना नाही. अशा घरासाठी हा फरक लाखांचा.

मानसोपचार डोक्यात असेल तर दोन आठवड्यांची पोस्टिंग कुठे होते ते विचारा. ठाण्यात 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे, पण जवळ आहे म्हणून मुलं तिथे जातातच असं नाही. खारघरच्या टाटाच्या कर्करोग केंद्राचंही तसंच: इलेक्टिव्हला (आवडीच्या विषयाच्या प्रशिक्षणाला) पाठवतात का, लेखी विचारा.

राज्याबाहेर स्वस्त जागा मिळत असेल तर एक गोष्ट तपासावी. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीत रहिवासी दाखल्यावरचं आरक्षण रद्द ठरवलं. एमबीबीएस कुठे केलं याला ठरावीक मर्यादेत प्राधान्य मात्र देता येतं. म्हणून पुढे महाराष्ट्रातच पीजी करायचं असेल तर राज्याच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा नियम वाचून मगच बाहेरची जागा घ्यावी.

कॉलेज बघायला शनिवारी जाऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला ओपीडी बघावी आणि रात्री नऊनंतर कॅज्युअल्टी. एनएमसीच्या तपासणीच्या दिवशी खाटा भरलेल्या दिसतातच. प्राध्यापकांपेक्षा चालू इंटर्नला गाठावं आणि नेमकं विचारावं: नॉर्मल डिलिव्हरी स्वतः किती केल्या? टाके कधी घातले? दिवसाचा किती वेळ रक्ताचे नमुने लॅबला पोहोचवण्यात जातो? स्टायपेंड दर महिन्याला जमा होतो का? शेवटच्या प्रश्नावर इंटर्न हसला, तर पुढच्या कॉलेजची चौकशी सुरू करावी.