बॅरन बेटावर पाळत: उपग्रह, भूकंपमापक की जहाज?

गोव्यात ताळगावच्या पठारावर भूशास्त्र शिकणाऱ्या दोन मुलींनी प्रकल्पासाठी अंदमानातला बॅरन ज्वालामुखी निवडलाय. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) साधारण १४० किलोमीटर, बेटावर वस्ती नाही. पाळत ठेवायची कशाने, हे त्यांना ठरवायचंय.

जहाजाचं आकर्षण मला समजतं. २३ जानेवारी २०१७ला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’वरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने काढत होते आणि अचानक ज्वालामुखीतून राख उसळू लागली. मैलभर दूर थांबून त्यांनी पाहिलं: पाच-दहा मिनिटांचे उद्रेक, दिवसा नुसती राख, काळोख पडल्यावर लाल लाव्ह्याची कारंजी. इतकं जवळून दुसरं काहीच दाखवत नाही. पण जहाज तिथे होतं ते वेगळ्याच कामासाठी. पाळतीसाठी ते रोज कोण उभं ठेवणार?

येणाऱ्या उद्रेकाची चाहूल लावण्यात भूकंपमापकाला तोड नाही. शिलारस वर चढताना खडक तडकतात, बारीक धक्के वाढतात, पुढे सलग कंप सुरू होतो. मात्र एका यंत्राने धक्के मोजता येतात, जागा नीट सापडत नाही. त्याला तीन-चार तरी हवीत. अंदमान मुळातच भूकंपाचा पट्टा, तेव्हा ज्वालामुखीचे धक्के निवडून काढणं हे वेगळंच काम. त्यात खारी हवा, सौर पॅनलवर बसणारी राख, बॅटऱ्या. शिवाय नोंदी उपग्रहामार्फत लगेच येत नसतील, तर कोणी बेटावर जाऊन आणेपर्यंत उद्रेक होऊनही गेलेला असेल.

उपग्रहाची चित्रं फुकट आणि घरबसल्या मिळतात. नासाच्या उपग्रहांवरचा मोडिस हा संवेदक दिवसरात्र उष्णता टिपतो, पण त्याच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) किलोमीटरभराचा आणि बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद. अख्खं बेट आठ-दहा चौकोनांत संपतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचे अवरक्त (इन्फ्रारेड) चौकोन २० मीटरचे. त्यात मुखाशी चार-दोन नारिंगी ठिपके दिसतात आणि लाव्हा वाहू लागला की त्यांची रांग पश्चिमेकडे समुद्राला जाऊन टेकते. फेरी मात्र पाच दिवसांनी, आणि पावसाळ्यात ढगांखाली महिनेच्या महिने वाया जातात. मुख्य उणीव अशी की उष्णता दिसते तोवर शिलारस तोंडाशी आलेला असतो. जमिनीचा फुगवटा मोजणारं रडार आधी सांगू शकतं, पण एवढ्याशा, तीव्र उतारांच्या बेटावर ते शिकाऊ हातांचं काम नव्हे.

म्हणून या मुलींना मी उपग्रहच सुचवेन: रोजच्या खबरेला मोडिस, बारकाव्याला सेंटिनेल-२. ‘कधी फुटेल’ हा प्रश्न मात्र सोडून द्यावा. ‘शांत असताना किती तापलेला असतो’ हा धरावा, कारण ते माहीत नसेल तर वाढलेली उष्णता ओळखायची कशावरून? सुरुवात जानेवारी २०१७च्या चित्रांनी करा. त्या वेळची डोळ्यांनी पाहिलेली नोंद पठारापासून हाकेच्या अंतरावर, दोनापावलाला आहे. ताडून बघता येईल.