ॲबरडीन ते सम्बरा: आठ महिने ये-जा केल्यावर

बायकोला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर, लर्विक गावात वर्षभराची नोकरी मिळाली, मी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर ॲबरडीनलाच राहिलो. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हा फेरा चालू आहे.

अंतर मोजणाऱ्या साइटवर ॲबरडीन आणि सम्बरा (शेटलंडचा विमानतळ) ही दोन नावं टाकली की सरळ रेषेत साधारण 300 किलोमीटर येतं, आणि वेळ एक तास. खोटं नाही ते. पंख्याचं एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे हवेत पाऊण तासच. वारा बहुतेकदा नैऋत्येचा, त्यामुळे जाताना वाचलेली पाच मिनिटं येताना भरून द्यावी लागतात.

पण माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत चार तास धरा. ॲबरडीनचा विमानतळ शहराबाहेर, डाइसला. डाइसला रेल्वे स्टेशन आहे म्हणून पहिल्या खेपेला हुशारी करून ट्रेनने गेलो, तर स्टेशन धावपट्टीच्या एका अंगाला आणि टर्मिनल पार दुसऱ्या अंगाला! आता गुपचूप बस पकडतो. पलीकडे सम्बरा म्हणजे बेटाचं दक्षिण टोक. तिथून लर्विक आणखी 40 किलोमीटर. शिवाय बायको बेटावरची रहिवासी म्हणून तिला मूळ भाड्यात 50 टक्के सवलत, मला मात्र पूर्ण भाडं. घरात हा विषय काढत नाही.

सम्बऱ्याची गंमत म्हणजे धावपट्टीचं पश्चिम टोक हमरस्त्यालाच आडवं जातं. विमान यायचं असलं की रस्त्यावर फाटक पडतं, अगदी आपल्या रेल्वे फाटकासारखं. पफिन हे समुद्रपक्षी बघायला सम्बरा हेड या कड्यावर निघालो होतो तेव्हा गाडी थांबवून समोरून विमान उतरताना पाहिलं. फाटकाखालून स्कूटर घालणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

खरी अडचण धुक्याची. इथे त्याला 'हार' म्हणतात. आपल्याकडचं धुकं पहाटेचं, ऊन चढलं की विरतं. हे मात्र वसंत-उन्हाळ्यात, गार समुद्रावरून ऊबदार दमट हवा सरकली की भर दुपारीसुद्धा येऊन बसतं, आणि सम्बऱ्याची धावपट्टी तर समुद्राला चिकटलेली. जूनमध्ये एकदा आम्ही वर दोन घिरट्या घातल्या, खाली कापसाशिवाय काही दिसेना, आणि विमान परत ॲबरडीनला आलं. तीन तासांच्या खटाटोपानंतर मी होतो तिथेच. शेवटी बंदरावर जाऊन संध्याकाळी 7 ची बोट धरली. सकाळी साडेसातला लर्विक.

तेव्हापासून बोटीकडे बघण्याची नजर बदलली. साडेबारा तास ऐकायला भयंकर वाटतात, पण त्यातले आठ झोपेत जातात, डबा नेता येतो आणि उतरल्यावर थेट गाव. मात्र मांडव्याच्या रो-रोवर ज्यांचं पोट ढवळतं त्यांनी हिवाळ्यात विचार करून जावं. डिसेंबरात मी पूर्ण रात्र छताकडे बघत काढली आहे, आणि वादळात बोटही रद्द होते.

म्हणून एरवी विमान, पण उन्हाळ्यात सोमवारी सकाळी ऑफिसात हजर राहणं भाग असेल तर रविवारी बोट. आणि विमानाने जायच्या दिवशी हवामानाचं ॲप बघत नाही, सम्बरा हेडचा वेबकॅम उघडतो. कडा आणि खालचा समुद्र दिसला तरच बॅग उचलतो.