मान धरली की कोणाकडे जायचं: मालिशवाली, पंचकर्म की फिजिओ?

वडील गेल्यानंतरचं वर्षभर माझे खांदे कानांना टेकल्यासारखे वर चढलेले असायचे. मी दोष देत होते उशीला. घरी मालिश करायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी मानेवर तेलाचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, श्वास धरून काऊन बसल्या?" तिसऱ्या खेपेला मला रडू कोसळलं. त्यांनी काही विचारलं नाही, हातही उचलला नाही; फक्त वेग कमी केला.

स्नायूंत दुःख गाठी मारून बसतं वगैरे मी मानत नाही. पण काळजीत माणूस दात आवळतो, खांदे उचलून धरतो, हे खरं. आणि मावशींच्या सावकाश हाताचंही कारण आहे. केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर सरकणाऱ्या हळुवार स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि मेंदूत त्यांचा निरोप भावनांशी जोडलेल्या भागात जातो.

हात बधिर होत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र मावशी नकोत. माझ्या मैत्रिणीने दोन महिने मान चोळून घेतली. दुखणं मणक्यातल्या दबलेल्या नसेचं निघालं. तिथे आधी डॉक्टर, मग फिजिओ. फिजिओचा हात दहा मिनिटं लागतो, बाकी वेळ व्यायाम. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत असतो, त्यामुळे रडायला सवड नाही. पण मान वळायला लागते.

पंचकर्माची मजा वेगळी. आमच्या नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी वैद्यही पुष्कळ. वैद्य मानेआधी भूक, झोप आणि पोट विचारतात, कारण अजीर्ण असताना अभ्यंग, म्हणजे अंगभर तेल चोळणं, करू नये असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट सांगून गेलेत. अभ्यंगाला दोन्ही बाजूंनी दोघं एकाच लयीत हात चालवतात. थोड्या वेळाने कुठला हात कोणाचा, हे कळेनासं होतं. नंतर वाफेची पेटी, डोकं तेवढं बाहेर. डिसेंबरात स्वर्ग. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला असताना पेटीत कोण बसणार, बाप्पा!

धरमपेठेतले स्पा वाढदिवसाच्या भेटीला ठीक. मी गेले तिथे दर खेपेला हात नवा होता, आणि मनावरच्या ताणासाठी मला तेच खटकतं. ख्रिस्तोफर मॉयर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मसाजवरचे ३७ अभ्यास एकत्र तपासले. कायमची चिंता आणि नैराश्य यांवरचा परिणाम त्यांना सर्वांत मोठा दिसला, तोही एका बैठकीत नव्हे, बऱ्याच बैठकांनंतर. 'मसाजने कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) धाडकन उतरतं' ही जाहिरात सोडून द्या; २०११ च्या त्यांच्याच आढाव्यात तो परिणाम अगदी किरकोळ निघाला.

म्हणून ताण मनाचा असेल तर माझं मत मावशींना. एका तासाचे ५०० घेतात; स्पाच्या एका खेपेच्या पैशांत त्या महिनाभर येतात. संक्रांतीपर्यंत तिळाचं तेल, होळीनंतर खोबरेल. एक पिंढरी अचानक सुजून दुखत असेल, तर त्या दिवशी त्यांना परत पाठवा आणि डॉक्टर गाठा, रक्ताची गाठ असू शकते. आणि झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. मी दोन्हीकडे जात होते. मावशींना ते आधीच कळलं होतं.