कोलोन की ट्रिअर? रोमन अवशेष आणि जुनी चर्चं बघायची असतील तर

जर्मनीच्या पश्चिमेला फिरताना ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही रोमनांनी वसवलेली, दोन्हीकडे मोठी कॅथेड्रल. कोलोनच्या कॅथेड्रलची महती इथे पुन्हा सांगत नाही. प्रश्न एवढाच आहे की हातात एकच मोकळा दिवस असेल तर तो कुठे घालवावा.

चर्चं मोजायची तर कोलोनच सरस. जुन्या शहरात रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या, गोल कमानींच्या मध्ययुगीन) शैलीची बारा मोठी चर्चं आहेत. त्यातलं सांक्ट गेरेओन चुकवू नये: चौथ्या शतकातल्या अंडाकृती इमारतीच्या भिंतींवर तेराव्या शतकात दहा बाजूंचा घुमट चढवलेला आहे. सांक्ट मारिया इम कापिटोलमधली अकराव्या शतकातली कोरीव लाकडी दारंही अशीच, जवळ उभं राहून एकेक चौकट बघण्यासारखी. मात्र ही बाराही चर्चं दुसऱ्या महायुद्धात कमीअधिक ढासळली होती आणि त्यांच्या पुनर्बांधणीचा मुख्य टप्पा 1985 पर्यंत चालला. त्यामुळे समोरचा दगड बाराव्या शतकातला की विसाव्या, हे ओळखायला सरावलेली नजर लागते.

तरीही कोलोनच्या विरोधात माझं मत गेलं ते दुसऱ्याच कारणाने. तिथलं रोमन शहर आजच्या शहराच्या खाली आहे. ग्रोस सांक्ट मार्टिनखालचे गोदामांचे अवशेष बघायचे तर जिना उतरून तळघरात जा. तटबंदीचा एक चांगला तुकडा तर कॅथेड्रलशेजारच्या भूमिगत पार्किंगमध्ये, गाड्यांच्या रांगेलगत उभा आहे. प्रत्येक ठिकाणच्या वेळा वेगळ्या, चर्चमध्ये प्रार्थना चालू असली की आत फिरता येत नाही, आणि दिवस शोधाशोधीतच निघून जातो.

ट्रिअरमध्ये हे सगळं जमिनीवर आहे. स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चाललं की पोर्टा निग्रा. इसवी सन 170 च्या सुमाराचं हे वेशीचं दार चुन्याशिवाय रचलेलं आहे. वालुकाश्माचे दगड लोखंडी कड्यांनी जोडून सांध्यात शिसं ओतलं होतं. मध्ययुगात लोकांनी ते धातू उकरून नेले, म्हणून दगडांच्या सांध्यांवर आजही मुठीएवढी भोकं दिसतात. शहराची बाकीची दारं दगडांसाठी फोडली गेली. हे वाचलं, कारण सिमेओन नावाचा साधू यात राहिला आणि 1035 मध्ये तो वारल्यावर इथे चर्च झालं. नेपोलियनने 1804 मध्ये ते चर्च काढायला लावलं, पण पूर्वेकडचा अर्धगोल भाग तसाच राहिला. रोमन वेस आणि मध्ययुगीन चर्च एकाच इमारतीत बघायला मिळतात, ते असे. आतले जिने झिजलेले आहेत आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

पुढे डोम, म्हणजे रोमन इमारतीवर उभं राहिलेलं ट्रिअरचं कॅथेड्रल. आत जाण्याआधी वळसा घालून उत्तरेकडच्या विंडश्ट्रासे या गल्लीत जा. तिथून भिंतीत रोमन विटांचे पट्टे आणि त्यांना लागून नंतरच्या शतकांचं बांधकाम उघड्यावर दिसतं. माहितीफलकाचीही गरज पडत नाही. दाराशी पडलेला ग्रॅनाइटचा खांब त्याच रोमन इमारतीचा. डोमला चिकटूनच तेराव्या शतकातलं लीबफ्राउएन चर्च आहे.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या बॅसिलिकात, म्हणजे त्याच्या दरबारी सभागृहात (आता ते चर्च आहे), मात्र जास्त वेळ ठेवा. आतून 67 मीटर लांब, 33 मीटर उंच, मध्ये एकही खांब नाही. समोरच्या अर्धगोलातल्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्यामुळे तो भाग आहे त्यापेक्षा लांब भासतो. 1944 मध्ये ही इमारतही जळाली आणि छत नवं आहे, पण नंतर भिंतींना गिलावा केला नाही, त्यामुळे विटा उघड्या दिसतात. रविवारी सकाळी इथे प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा. शाही स्नानगृहं आणि चढावरचं रोमन अँफिथिएटर यांना पाय शिल्लक असतील तरच.

ट्रिअरची अडचण अंतराची. कोलोनहून जाऊन-येऊन साधारण सहा तास मोडतात, तेव्हा आदल्या रात्री मुक्कामाला पोचणं बरं. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील आणि मुक्काम जमणार नसेल, तर कोलोन सोयीचं पडेल. त्या दिवशी बारा चर्चांच्या मागे न लागता गेरेओन आणि कापिटोल ही दोनच करा.