वाड्याचा दिवाणखाना जलरंगात: हॉट प्रेस की कोल्ड प्रेस?

सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, नक्षीदार महिरपी, वर तक्तपोशी (लाकडी छत) आणि मधोमध झुंबर. असं चित्र म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून हॉट प्रेस, म्हणजे जलरंगाचा गुळगुळीत कागद, सांगतात. त्यात चूक काही नाही. गुळगुळीत कागदावर 0 नंबरच्या बारीक ब्रशने नक्षीतल्या केळफुलाची पाकळी न् पाकळी सुटी काढता येते. कोल्ड प्रेस या खडबडीत कागदाच्या पोतावर तीच रेघ मध्येच तुटते. झुंबराच्या लोलकांवर लावलेलं मास्किंग फ्लुइडही (कागद पांढरा राखायला लावतात तो रबरी द्रव) हॉट प्रेसवरून सहज सोलून निघतं, कोल्ड प्रेसच्या खळग्यांत मात्र त्याचे कण अडकून बसतात. (ते वाळवायला हेअर ड्रायर फिरवलात तर दोन्हीकडे कागदच सोलून निघेल.)

मला अडलं ते अंधारापाशी. वाड्यात उजेड एका खिडकीतून येतो आणि आत जाता जाता विझतो. तो अंधार एका वॉशमध्ये (पातळ रंगाच्या एका सलग थरात) उतरत नाही, तीन-चार थर लागतात. हॉट प्रेसवर रंग वरच्यावर बसतो. खांबाचा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) खडखडीत वाळलेला असला, तरी वरून अल्ट्रामरिनची (गडद निळ्याची) सावली नेताना ब्रश खालचा रंग उचलतो. नक्षीची धार विरघळते आणि दुसऱ्याच थराला सागवान मातकट दिसू लागतं. भरलेला मऊ ब्रश एकदाच फिरवायचा, मागे यायचं नाही, नक्षी सगळ्यात शेवटी काढायची, एवढं पाळलं तर निभावतं. पण भिंतीसारख्या मोठ्या वॉशला वाळलेल्या कडांचे पट्टे राहतातच.

300 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या जाड) कॉटन कोल्ड प्रेसवर चौथा थरही सहसा शांतपणे बसतो. फक्त घाई नको: हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागला, तर तो अजून ओलाच आहे. रेघेसाठी 1 नंबरचा रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश) घ्यावा आणि रंग पातळ सायीइतका दाट ठेवावा. लोलकांची चमक शेवटी ब्लेडच्या टोकाने खरवडून काढली की मास्किंगची कटकटही टळते. कागद 15×22 इंचांचा घेतलात तर नक्षीच एवढी मोठी होते की पोत फारसा आड येत नाही.

11×15 इंचांत नुसतं झुंबर किंवा एखादी महिरप करायची असेल आणि मागे अंधार नको असेल, तर हॉट प्रेसच घ्या.