शांबोंची जुनी शाळा आणि मुख्याध्यापकांची सही

लेकीच्या आग्रहाने ल शांबों-स्युर-लिन्योंला गेले. फ्रान्सच्या ओत-ल्वार जिल्ह्यातलं डोंगरावरचं छोटं गाव. इथल्या जुन्या शाळेच्या इमारतीत 2013 पासून ‘ल्यू द मेम्वार’ हे स्मृतिसंग्रहालय आहे. समोरच प्रोटेस्टंटांचं चर्च. त्याला तिथे ‘तांप्ल’ म्हणतात, त्यामुळे पत्ता विचारल्यावर मी बराच वेळ देऊळच शोधत होते!

दुसऱ्या महायुद्धात या गावाने ज्यूंना, त्यातही पुष्कळ मुलांना, लपवलं. नाव निघतं ते आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या पाद्र्यांचं. निघायलाच हवं. 1938 मध्ये त्यांनी इथे स्वतंत्र शाळा काढली. ऑगस्ट 1942 मध्ये व्हिशी सरकारचा, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या तेव्हाच्या फ्रेंच सरकारचा, युवक खात्याचा प्रमुख आला, तर तिथल्या मोठ्या पोरांनी त्याच्या हातात पत्रच ठेवलं: आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद मानत नाही.

माझा जीव मात्र रोजे दार्सिसाक यांच्यापाशी अडकला. हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. फेब्रुवारी 1943 मध्ये पाद्र्यांबरोबर यांनाही धरून छावणीत टाकलं. महिन्याभराने सुटका, पण अट अशी की त्या व्हिशी सरकारचे प्रमुख मार्शल पेतां यांच्या आज्ञेत राहीन असं लिहून द्यायचं. पाद्र्यांनी नकार दिला. दार्सिसाकनी सही केली. गंमत म्हणजे पाद्री सही न करताही सुटले.

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख बदलून द्या म्हणून पालक हातापाया पडायचे, मी कधी बधले नाही. नियम मोडणं सरकारी नोकराला किती जड जातं हे मला ठाऊक आहे, म्हणून ती सही मला कमीपणाची वाटली नाही. सरकारी पगार घेणाऱ्या मास्तरला दोन्ही डगरींवर पाय ठेवावाच लागतो. पाद्र्यांच्या धैर्याला मी नमस्कार करेन, पण ओळखीचे वाटले ते दार्सिसाक.

संग्रहालय आटोपशीर आहे. खरा ऐवज म्हणजे वाचलेल्यांच्या आणि गावकऱ्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी. मला फ्रेंच येत नाही, लेक कानाशी मराठीत सांगत होती, त्यात दोन तास कसे गेले कळलं नाही. नुसता फेरफटका मारायचा असेल तर कशाला जाता?

तांप्लसमोर 1979 मध्ये लावलेली पाटी आहे, ती मात्र परतताना वाचा. इथे आसरा मिळालेल्या ज्यूंनीच ती लावली आहे.